साल संपल्यावर कुणाकडे?

गुढीपाडवा आठ-दहा दिवसांवर आला की आमच्या उमरी भागात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "यंदा कुणाकडे राहणार?" सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि त्याच दिवशी नवे साल सुरू होते. वर्षाची रोख रक्कम, ज्वारी, अंगावरचे कापड, पायातल्या वहाणा, सगळे बोलून ठरते. कागद नसतो, शब्द असतो. ज्याचे औत सरळ चालते, ज्याला बैलांची पारख आहे, अशा गड्याच्या दारात पाडव्याआधीच दोन-तीन मालकांची माणसे येऊन जातात. पण तोच गडी पन्नाशीला आला की बोलणे बदलते. काम येते, अनुभव आहे, मात्र अंगात पूर्वीचा जोर नाही. मालक म्हणतो, "राहा, पण एवढ्यावर राहा." गडी मनाशी हिशेब करतो. इथेच कमी पैशांवर राहावे, की दुसऱ्या गावी जाऊन बघावे? आणि डोक्यावर जुनी उचल असेल, तर हा हिशेबही त्याच्या हातात राहत नाही.

आज मला बोलायचे आहे ते खेळाडूंविषयी. तुम्ही म्हणाल, कोटींनी पैसे मिळवणारा खेळाडू कुठे आणि सालगडी कुठे! पैशांची तुलना मी करतच नाही. पण वय वाढलेल्या कसबी माणसासमोर साल संपताना जो प्रश्न उभा राहतो, तो दोघांचाही एकच आहे. आपल्याला हवे आहे तिथे राहता येईल का, आणि नको असेल तिथून निघता येईल का?

कोणत्याही खेळाडूच्या करारात तीन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, करार किती वर्षांचा. दुसरी, पुढच्या वर्षाचा निर्णय कोणाच्या हातात. तिसरी, करार संपल्यावर खेळाडू मोकळा होतो की नाही. पैशांचा आकडा वर्तमानपत्रात ठळक छापून येतो. या तीन गोष्टी बहुधा येत नाहीत. आणि तिशी-पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूचे उरलेले आयुष्य या तीन गोष्टींवरच ठरते.

या प्रश्नाची सर्वांत मोठी लढाई लढली गेली ती अमेरिकेत, बेसबॉलमध्ये. हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही, पण त्याची गोष्ट समजायला खेळाचे नियम ठाऊक असण्याची गरज नाही. तिथल्या करारात जवळजवळ शंभर वर्षे एक राखीव कलम होते. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहत असे. संघाने ठेवले तर राहायचे, दुसऱ्या संघाला दिले तर जायचे, नाहीतर खेळ सोडायचा. चौथी वाट नव्हती.

कर्ट फ्लड हा सेंट लुईस संघाचा नावाजलेला खेळाडू. बारा हंगाम तो एकाच संघाकडून खेळला. 1969 च्या ऑक्टोबरमध्ये संघाने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याला कोणी विचारले नाही. त्या वेळी तो एकतीस वर्षांचा होता आणि वर्षाला 90 हजार डॉलर मिळवत होता. म्हणजे उपाशी नव्हता. तरी त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहिले, की इतकी वर्षे खेळल्यावर आपण विकत घेण्या-देण्याची वस्तू आहोत असे आपल्याला वाटत नाही. तो कोर्टात गेला. 1970 चा अख्खा हंगाम त्याने घरी बसून काढला. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. फ्लड हरला आणि त्याची कारकीर्दही संपली.

पण त्याची लढाई वाया गेली नाही. 1973 मध्ये नियम झाला, की दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यातली शेवटची पाच वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे देता येणार नाही. हा नियम चार वर्षे आधी असता, तर फ्लडला नुसते "नाही" म्हणून भागले असते.

पुढचे पाऊल 1975 मध्ये पडले. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोघे गोलंदाज, म्हणजे त्यांच्या भाषेत पिचर, त्या वर्षी करारावर सही न करता मैदानात उतरले. मॅकनॅलीने तर हंगामाच्या मध्यावरच खेळ सोडला होता. स्वतःला काही मिळणार नव्हते, तरी त्याने लढ्यासाठी आपले नाव राहू दिले. मालकांचे म्हणणे होते, की जुना करार दरवर्षी आपोआप पुढे चालू ठेवण्याचा आम्हाला हक्क आहे. लवाद पीटर साइट्झ यांनी डिसेंबर 1975 मध्ये निकाल दिला, की करार एक वर्ष पुढे चालेल, कायमचा नाही. साल संपले की गडी मोकळा, असाच त्याचा अर्थ. त्यानंतर 1976 मध्ये खेळाडूंच्या संघटनेचा मालकांशी समझोता झाला आणि सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूला करार संपल्यावर कोणत्याही संघाशी बोलणी करण्याचा हक्क मिळाला. अशा खेळाडूला तिथे 'फ्री एजंट' म्हणतात. आपण मुक्त खेळाडू म्हणू.

हा हक्क आल्यावर करारांत एक नवी गोष्ट शिरली, 'ऑप्शन'. समजा करार तीन वर्षांचा आहे आणि चौथ्या वर्षाचा ऑप्शन संघाकडे आहे. मग चौथ्या वर्षी ठेवायचे की सोडायचे हे संघ ठरवतो. ऑप्शन खेळाडूकडे असेल, तर ठरलेल्या पैशांवर राहायचे की मोकळे व्हायचे हे खेळाडू ठरवतो. काही करारांत दोघांनीही हो म्हणावे लागते. तरुण खेळाडूला ऑप्शन आपल्या हातात हवा असतो तो भाव वाढला तर बाहेर पडता यावे म्हणून. वयस्क खेळाडूला तो हवा असतो उलट्या कारणासाठी. शरीराने दगा दिला तरी एक वर्षाची भाकरी पक्की राहावी, आणि जायचेच झाले तर आपल्या पायांनी जाता यावे.

क्लेटन केर्शॉचे उदाहरण ताजे आहे. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा हा डावखुरा पिचर, जन्म 1988 चा. 2025 च्या हंगामासाठी एक कोटी डॉलरचा ऑप्शन त्याच्या हातात होता. नुसते हो म्हटले असते तर तेवढे पैसे पक्के होते. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याने नाही म्हटले आणि तो मुक्त खेळाडू झाला. त्याच महिन्यात त्याच्या पायाच्या आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये तो त्याच डॉजर्सकडे परत आला, 75 लाख डॉलर पक्के आणि बाकीचे किती खेळतो यावर. जुलै 2025 मध्ये त्याने तीन हजारावा 'स्ट्राइकआउट' मिळवला, हंगामाअखेर निवृत्ती जाहीर केली आणि त्याच वर्षी संघाने जगज्जेतेपद मिळवले. अठरा हंगाम, एकच संघ. पक्के पैसे त्याने कमी घेतले, पण आपली शेवटची ओळ स्वतः लिहिली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे फार काळ खेळाडूचा करार खेळाशी नव्हताच, नोकरीशी होता. मुंबईचे क्रिकेटपटू टाटा, निर्लॉन, मफतलाल, एसीसी, स्टेट बँक यांच्याकडे कामाला असत आणि त्यांच्या संघांकडून टाइम्स शील्ड खेळत. कबड्डीपटू रेल्वेत, पोलिसांत, बँकांत लागत. पैसे थोडे, पण खेळ थांबला तरी पगार थांबत नसे. वयस्क खेळाडूची खरी सुरक्षा तीच होती.

तरीही निवडीचा पेच तेव्हाही येई. विनू मांकड यांचे 1952 साल आठवावे. जामनगरचे मांकड मुंबईत स्थिरावलेले. त्या फेब्रुवारीत मद्रासला त्यांनी इंग्लंडचे बारा गडी बाद केले आणि भारताने कसोटीतला आपला पहिला विजय मिळवला. लगेच इंग्लंडचा दौरा होता. त्याच वेळी लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबने त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून बोलावले होते. मांकड पस्तिशीत होते. त्यांनी बोर्डाला विचारले, की दौऱ्यावर माझी निवड नक्की असेल तर क्लबला नकार देतो. बोर्डाने हमी दिली नाही. मांकडांनी क्लबशी करार केला.

जूनमध्ये लीड्सच्या कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावात धावफलकावर शून्यावर चार बाद असे दृश्य दिसले. मग बोर्डाने हॅसलिंग्डनकडे मांकडांना सोडण्याची विनंती केली. लॉर्ड्सवर मांकडांनी 72 आणि 184 धावा काढल्या, एका डावात 73 षटके टाकून पाच बळी घेतले. भारत हरला, पण ती कसोटी मांकडांची म्हणूनच ओळखली जाते. या गोष्टीत मांकडांनी जास्त पैसे मागितले नव्हते. त्यांनी मागितला होता एक शब्द, म्हणजे कोणता हात धरायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवता येईल. उमरीचा सालगडीही मालकाकडे पाडव्याआधी हेच मागतो. "ठेवणार की नाही, ते आत्ताच सांगा."

2008 मध्ये आयपीएल आली आणि चित्र पालटले. फेब्रुवारीत मुंबईत पहिला लिलाव झाला. धोनीला चेन्नईने 15 लाख डॉलरला घेतले. सचिन, सौरव, द्रविड, सेहवाग आणि युवराज यांना 'आयकॉन' म्हणून लिलावाबाहेर आपापल्या शहरात ठेवले आणि संघातल्या सर्वांत महाग खेळाडूपेक्षा पंधरा टक्के जास्त द्यायचे ठरले. पैसे प्रचंड वाढले. पण वर सांगितलेली तिसरी गोष्ट, संपल्यावर मोकळीक, ती कुठे आहे?

आयपीएलमध्ये संघ खेळाडूला राखतो किंवा सोडतो. खेळाडू "मला राखू नका" म्हणू शकतो. पण सुटला, की त्याचे पाय बाजाराकडे नाही, लिलावाच्या मांडवाकडे वळतात. तिथे त्याची पायाभूत किंमत लावली जाते आणि हात वर करण्याचा अधिकार फक्त संघांना असतो. कोलकाता कमी पैसे देते पण मला तिथे खेळायचे आहे, असे तो म्हणू शकत नाही. करार संपला म्हणून तो सुटला हे खरे, पण मुक्त झाला असे म्हणता येत नाही.

अजिंक्य रहाणेकडे पाहा. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, जन्म 1988 चा, म्हणजे केर्शॉच्याच वयाचा. डिसेंबर 2022 च्या लिलावात चेन्नईने त्याला 50 लाखांच्या पायाभूत किमतीला घेतले. 2023 मध्ये त्याने तिथे 172 च्या गतीने 326 धावा केल्या, चेन्नई विजेती ठरली आणि तो पुन्हा कसोटी संघात आला. जागतिक कसोटी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने ओव्हलवर 89 आणि 46 धावा केल्या. 2024 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाच्या लिलावात त्याचे नाव आधी पुकारले गेले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. नंतरच्या फेरीत कोलकात्याने त्याला दीड कोटीच्या पायाभूत किमतीला घेतले आणि काही महिन्यांनी त्यालाच कर्णधार केले. ज्या संघात वेंकटेश अय्यरची किंमत पावणेचोवीस कोटी होती, त्या संघाचा कर्णधार दीड कोटीचा! 2025 च्या हंगामात त्याने 390 धावा केल्या, संघात सर्वांत जास्त.

याच नोव्हेंबरात केर्शॉ आपल्या संघाशी समोरासमोर बसून ठरवू शकत होता. रहाणेला मात्र आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहावी लागली. दोघांच्या कसबात नव्हे, नियमात फरक आहे.

दीड कोटीचा आकडा आपल्या मराठवाड्यालाही ओळखीचा आहे. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला 2022 मध्ये चेन्नईने एवढ्याच रकमेला घेतले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी हा आकडा म्हणजे उघडलेले दार. छत्तिसाव्या वर्षी तोच आकडा म्हणजे, अजून किती दिवस, हा प्रश्न.

लिलावाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. सगळ्यांना मोकळे सोडले तर सर्वांत श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू उचलतील आणि स्पर्धेत गंमत राहणार नाही, असे संघवाले म्हणतात. त्यात तथ्य आहे. प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा आहे ती त्यासाठीच. आणि ज्येष्ठांसाठी नियम वाकवताही येतो. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला 'अनकॅप्ड' धरण्याचा नियम 2024 मध्ये पुन्हा आणला गेला आणि चेन्नईने धोनीला चार कोटींत राखले. 2022 साठी त्याच धोनीला बारा कोटींत राखले होते. पैसे तिसऱ्या हिश्शावर आले, पण त्याला लिलावात उभे राहावे लागले नाही. मात्र असा मार्ग एखाद्या धोनीलाच सापडतो.

कबड्डीतही लिलावच आहे. अनुप कुमार पहिली पाच पर्वे यू मुंबाचा कर्णधार, 2015 चा विजेता. 2018 मध्ये त्याला जयपूरने 30 लाखांना घेतले आणि तो हंगाम चालू असतानाच, डिसेंबरात, त्याने निवृत्ती घेतली.

मग आपल्याकडे वयस्क खेळाडूला खरी निवड कुठेच नाही का? आहे, रणजी करंडकात. आपल्या राज्य संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन खेळाडू दुसऱ्या संघाकडे व्यावसायिक, म्हणजे पाहुणा खेळाडू म्हणून जाऊ शकतो. एका संघाला असे तीन खेळाडू घेता येतात. तिथे लिलाव नसतो. खेळाडू आणि संघटना समोरासमोर बोलतात.

वसीम जाफर हे त्याचे उत्तम उदाहरण. मुंबईकडून 1996-97 पासून खेळलेला, 31 कसोटींचा अनुभव असलेला सलामीवीर. 2015-16 मध्ये तो विदर्भाकडे गेला. विदर्भाने तोवर रणजी कधी जिंकला नव्हता. 2016-17 चा हंगाम दुखापतीने हुकला, तरी ठरलेले पैसे विदर्भाने त्याला दिले. जाफरने नंतर सांगितले, की ती जाण ठेवून पुढच्या हंगामात तो व्यावसायिक मानधन न घेता खेळला. तो हंगाम 2017-18 चा. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फजल. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला, आणि विजयी धावा जाफरच्याच बॅटीतून आल्या. त्या वेळी तो एकोणचाळीस वर्षांचा होता. पुढच्या हंगामात त्याने हजारावर धावा केल्या आणि विदर्भाने करंडक पुन्हा जिंकला. 2020 मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा रणजीत बारा हजारांवर धावा करणारा तो एकमेव होता.

या व्यवहाराचा हिशेब कोणत्या वहीत मांडणार? दुखापतीच्या वर्षी मालकाने साल बुडवले नाही, पुढच्या वर्षी गड्याने पैशाकडे पाहिले नाही, आणि पीक दोघांनी मिळून काढले. लिलावात ही गोष्ट घडू शकत नाही, कारण तिथे दोन माणसे एकमेकांशी बोलतच नाहीत.

वयस्क खेळाडू निर्णय घेतो तेव्हा त्याच्या मनात पैसा एकटा नसतो. रोज खेळायला मिळेल की बाकावर बसावे लागेल? तरुणांना शिकवण्याचे काम मिळेल का? दुखावलेल्या गुडघ्याकडे लक्ष कोण देईल? मुलांची शाळा कुठे? आणि शेवटचा सामना कुठल्या मैदानावर व्हावा? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर लिलावातली बोली देत नाही. ते फक्त बोलण्यातून मिळते, आणि बोलायला खेळाडू मोकळा असावा लागतो.

म्हणून माझे मत असे, की दहा वर्षे आयपीएल किंवा प्रो कबड्डी खेळलेल्या खेळाडूला एकदा तरी लिलावाबाहेर, स्वतःच्या पसंतीच्या संघाशी बोलणी करू द्यावीत. रकमेला मर्यादा घाला, हवे तर. दहा वर्षांच्या सेवेचा मान अमेरिकेने 1973 मध्ये केला, तर आपल्याला तो जड जाऊ नये.

आणि ज्यांच्या घरात उद्या असा एखादा कागद सहीला येईल, अशा आईवडिलांना एवढेच सांगतो. आकडा शेवटी वाचा. आधी हे वाचा, की पुढचे वर्ष कोणाच्या हातात आहे आणि संपल्यावर पोरगे मोकळे होते की नाही. सालगड्याच्या घरी हा शहाणपणा पिढ्यान्‌पिढ्या आहे. उचल मोठी दिसली की हुरळून जायचे नसते, हे तिथे लहान मुलालाही ठाऊक असते. ती फिटेपर्यंत पाडवा येतो आणि जातो, पण "यंदा कुणाकडे?" हे त्याला कोणी विचारत नाही.